शालेय शिस्त व शिक्षकवर्गाची सामूहिक जबाबदारी

शाळेतील अध्ययन-अध्यापन सुरळीत चालावे, प्रत्येक विद्यार्थ्यास निर्भयपणे शिकता यावे आणि स्वतःच्या वर्तनाचे नियमन स्वतः करण्याची सवय त्याच्या ठिकाणी रुजावी, या हेतूने शाळेने स्वीकारलेले वर्तननियम व ते अमलात आणण्याच्या पद्धती यांस समुच्चयाने शालेय शिस्त असे म्हणतात. संकुचित अर्थाने हा शब्द वर्गातील शांतता, वेळेचे पालन, गणवेश आणि नियमभंगाबद्दलची शिक्षा एवढ्यापुरताच वापरला जातो. व्यापक अर्थाने मात्र शाळेतील सर्व प्रौढ व्यक्ती मुलांशी ज्या रीतीने वागतात, त्या रीतीचाही तीत अंतर्भाव होतो. मुख्याध्यापकापासून शिपायापर्यंत प्रत्येकजण दिवसभरात केव्हा ना केव्हा विद्यार्थ्यास काही सांगतो, अडवितो, परवानगी देतो वा नाकारतो. त्यामुळे शिस्तीची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवून इतरांना मोकळे होता येत नाही. ती वाटून घ्यावी लागते. या वाटणीचा इतिहास, तिची तत्त्वे, कायद्याने तिला घातलेल्या मर्यादा आणि रत्नागिरी जिल्ह्यासारख्या प्रदेशात तिला येणारे विशिष्ट स्वरूप यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत महाराष्ट्रात पंतोजींच्या खाजगी शाळा प्रचलित होत्या. शाळा देवळाच्या ओवरीत, एखाद्या गृहस्थाच्या पडवीत किंवा पंतोजींच्या घरीच भरे. शिक्षक बहुधा एकच असल्यामुळे शिकविणे, धाक दाखविणे व शिक्षा करणे ही तिन्ही कामे त्याच्याच हाती एकवटलेली असत. छडी, उठाबशा, अंगठे धरून ओणवे उभे करणे इ. शिक्षेचे प्रकार सर्वपरिचित होते. मोठ्या मुलांनी लहानांकडून पाठ करून घेण्याची रीतही भारतातील देशी शाळांत रूढ होती. मद्रास (चेन्नई) येथील अनाथाश्रमाच्या शाळेत अँड्र्यू बेल (१७५३–१८३२) यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अशाच कल्पनेला व्यवस्थित रूप दिले व पुढे ती इंग्लंडमध्ये मॉनिटर-पद्धती म्हणून प्रसिद्धीस आली. इंग्लंडमधील रग्बी शाळेचे मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड (१७९५–१८४२) यांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडे शिस्तीचे काही अधिकार देऊन त्यांस शाळेच्या कारभारात सामील करून घेतले. वर्गनायक, विद्यार्थी-प्रतिनिधी यांसारख्या आजच्या पदांची परंपरा या प्रयोगांपर्यंत पोहोचते.

मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते स्थापन झाले. वर्गवार शाळा, हेडमास्तर, त्यांच्या हाताखालील शिक्षक आणि वर तपासणी अधिकारी अशी उतरंड हळूहळू तयार झाली. लोकमान्य टिळक यांचे वडील गंगाधरपंत हे रत्नागिरीस शिक्षक होते व १८६६ मध्ये शिक्षणखात्याच्याच नोकरीत त्यांची पुण्यास बदली झाली. एका शाळेत अनेक शिक्षक आल्याबरोबर शिस्तीचा प्रश्न नव्या स्वरूपात उपस्थित झाला. पंतोजींच्या शाळेत विद्यार्थ्याला एकाच माणसाचा स्वभाव ओळखून वागावे लागे. नव्या शाळेत तासागणिक शिक्षक बदलू लागले आणि एका तासाला चालणारी गोष्ट पुढच्या तासाला गुन्हा ठरू लागली. त्यावर त्या काळी योजलेला सर्वसाधारण उपाय म्हणजे हेडमास्तरांचा दरारा. अंतिम शिक्षा त्यांच्याकडे आणि लहानसहान शिक्षा ज्याच्या त्याच्याकडे, अशी ही वाटणी होती. तीत शिक्षेचे अधिकार वाटले गेले. विद्यार्थ्याविषयीची माहिती मात्र ज्याची त्याच्यापाशीच राहिली.

याहून वेगळा प्रयत्न पुण्यात झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, मूळचे रत्नागिरीचे बाळ गंगाधर टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा काढली व १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. शिक्षकांनीच संस्थेचे आजीव सदस्य व्हावे आणि तिचा कारभार विचारविनिमयाने चालवावा, हे या संस्थेचे वैशिष्ट्य होय. वर्गात शिकविणारे आणि नियम करणारे येथे बव्हंशी एकच होते. अशा समूहातही तीव्र मतभेद होतात, हे टिळकांनी १८९० मध्ये दिलेल्या राजीनाम्यावरून दिसून येते. सामूहिक जबाबदारीत मतभेद गृहीतच धरावे लागतात. ते कोठे मांडावयाचे व त्यांवर निर्णय कसा घ्यावयाचा हे आधी ठरलेले असणे महत्त्वाचे असते.

स्वातंत्र्योत्तर काळात माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३) शीलसंवर्धन ही सर्व शिक्षकांची व शालेय कार्यक्रमाच्या प्रत्येक अंगाची जबाबदारी मानली. शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील व्यक्तिगत संपर्क वाढवावा आणि विद्यार्थी-मंडळांसारख्या माध्यमांतून वर्तनाची संहिता तयार करण्यात विद्यार्थ्यांना वाटा द्यावा, असेही आयोगाने सुचविले. शिस्त हा केवळ मुख्याध्यापकाच्या अखत्यारीतील विषय नाही, ही भूमिका यामुळे अधिकृत शैक्षणिक विचारात स्थिर झाली.

दोन उदाहरणे : शाळेतील सर्वांनी मिळून एक व्यवस्था पाळली, म्हणजे ती न्याय्य असतेच असे नाही. या दृष्टीने डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा शालेय जीवनातील अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. आंबेडकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे (ता. मंडणगड) येथील. वडील निवृत्त झाल्यानंतर काही काळ दापोलीस राहून हे कुटुंब साताऱ्यास गेले. तेथील शाळेत अस्पृश्य मानलेल्या जातीचा विद्यार्थी म्हणून त्यांना वर्गात इतरांपासून वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट रोज घरून आणावे व परत न्यावे लागे, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकर त्यास हात लावीत नसे. तहान लागली तरी नळाला स्पर्श करण्याची त्यांना मुभा नव्हती. शिक्षकांची परवानगी मिळाल्यावर शिपायाने नळ सोडावा तेव्हाच पाणी मिळे आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाण्यावाचून राहावे लागे. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. येथे शिक्षक व शिपाई या दोघांची कामे ठरलेली होती आणि ती नियमितपणे पारही पाडली जात होती. परंतु या ठरीव व्यवस्थेचा एकूण परिणाम एका मुलास तहानलेले ठेवण्यात होत होता. व्यवस्थेतील प्रत्येकाने आपल्यापुरते काम केले आणि परिणामाची विचारपूस कोणीच केली नाही, म्हणजे अन्याय होत असूनही त्यास कोणी जबाबदार दिसत नाही. म्हणून शिस्तीच्या वाटणीत कामांबरोबरच परिणामांवर लक्ष ठेवण्याचे दायित्वही कोणाकडे तरी स्पष्टपणे असावे लागते. शाळेतील पाणी, स्वच्छतागृह, बसण्याची जागा आणि जेवणाची पंगत या गोष्टी शिस्तीच्या विचाराबाहेरच्या नाहीत, हेही यावरून लक्षात येते.

दुसरे उदाहरण पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (१८९९–१९५०) यांचे होय. त्यांचा जन्म पालगड (ता. दापोली) येथे झाला व माध्यमिक शिक्षणाचा काही भाग दापोलीच्या मिशन शाळेत झाला. १९२४ ते १९३० या काळात ते खानदेशातील अमळनेर येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या, तर रागावण्याऐवजी ते स्वतः त्या आवरून ठेवीत. छात्रालयासाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. त्यातून नित्याच्या घडामोडी, चुका व चांगली कामे मुलांपुढे येत. वर्गात शिकविणारा शिक्षकच छात्रालयात मुलांसोबत असल्यामुळे मुलाचे वर्गातील व वर्गाबाहेरील वर्तन एकाच व्यक्तीला एकत्र पाहता येत होते. तथापि या पद्धतीचा मुख्य आधार गुरुजींचे व्यक्तिमत्त्व हाच होता. १९३० मध्ये ते स्वातंत्र्य-आंदोलनात उतरले व शाळा सोडून गेले. असा शिक्षक प्रत्येक शाळेस लाभत नाही आणि लाभला तरी कायम राहत नाही. एका शिक्षकास मुलाविषयी जे ज्ञात होते ते बाकीच्यांपर्यंत पोहोचविण्याची सोय शाळेला करावी लागते. सामूहिक जबाबदारीची खरी गरज तेथेच आहे.

कायद्याची चौकट : संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क-संहितेनुसार शालेय शिस्त ही मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असली पाहिजे. भारताने या संहितेस १९९२ मध्ये मान्यता दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००० मध्ये तेथील शालेय नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्दबातल ठरविली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली असून, तिचा भंग करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ मधील दुरुस्तीने पाचवी व आठवी या इयत्तांत अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. परंतु काढून टाकण्यावरील बंदी कायम राहिली. याच अधिनियमाने विनाअनुदानित शाळांखेरीज इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आवश्यक केली असून तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात.

महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांची कर्तव्ये, वर्तनसंहिता व त्यांच्यावरील कारवाईची रीत ही १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम व त्याखालील १९८१ ची नियमावली यांनी ठरविली आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा शालेय शिस्तीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. असा अपराध घडल्याची माहिती असणाऱ्या किंवा तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांस कळविले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. माहिती असूनही ती न कळविणे हा दंडनीय अपराध असून संस्थेच्या प्रमुखास त्याबद्दल अधिक कडक शिक्षेची तरतूद आहे. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळापातळीवर सखी सावित्री समित्या नेमण्याची व्यवस्था करण्यात आली.

या कायद्यांचा शालेय व्यवस्थेवर झालेला एक परिणाम पुरेसा लक्षात घेतला जात नाही. छडी हे एकट्या शिक्षकाने वापरावयाचे साधन होते. ती उगारताना कोणाला विचारावे लागत नसे आणि नोंदही ठेवावी लागत नसे. समजावणी, निरीक्षण, पालकांशी बोलणे, जागा वा गट बदलून देणे, झालेल्या नुकसानीची भरपाई मुलाकडून करवून घेणे ही त्याऐवजी आलेली साधने एका शिक्षकाच्या एका तासात परिणामकारक होत नाहीत. ती अनेक आठवडे व अनेकांनी एकाच दिशेने वापरावी लागतात. त्यामुळे शिक्षेवरील बंदीनंतर शिस्त सैल झाल्याची तक्रार जेथे ऐकू येते, तेथे जुने साधन गेले, पण ते एकट्याने वापरण्याची सवय तशीच राहिली, असे पुष्कळदा आढळते.

कामाची वाटणी : माध्यमिक शाळेत शिस्तीच्या कामाची वाटणी सामान्यतः पुढीलप्रमाणे केली जाते.

मुख्याध्यापक हा नियमांचा अंतिम अर्थ लावणारा व त्यांच्या अंमलबजावणीस उत्तरदायी असणारा अधिकारी होय. वर्षारंभी शिक्षकसभेत नियम ठरविणे, ते थोडे व स्पष्ट ठेवणे, पालकांस कळविणे आणि गंभीर प्रकरणी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देणे ही त्याची कामे आहेत. प्रत्येक लहान तक्रार त्याच्या खोलीपर्यंत गेल्यास इतर शिक्षकांचा अधिकार विद्यार्थ्यांच्या दृष्टीने उरत नाही. कोणतीच तक्रार तेथपर्यंत न पोहोचल्यास त्याला शाळेची खरी स्थिती कळत नाही. मोठ्या शाळांत उपमुख्याध्यापक व पर्यवेक्षक हे या दोन टोकांमधील दुवा असतात. वेळापत्रक, रजेवरील शिक्षकाच्या जागी दुसरा शिक्षक पाठविणे, मधल्या सुट्टीतील देखरेखीच्या पाळ्या आणि उशिरा येणाऱ्यांची नोंद ही कामे बहुधा त्यांच्याकडे असतात. वर्गात शिक्षक नसलेला तास व देखरेख नसलेली जागा यांतूनच बरेचसे गैरवर्तन उद्भवत असल्यामुळे वेळापत्रकाची आखणी हे शिस्तीचेच काम आहे.

वर्गशिक्षक हा या व्यवस्थेचा मध्यबिंदू समजला जातो. हजेरीपट त्याच्या हाती असतो. मुलाचे घर, आईवडिलांचा व्यवसाय, आजार व येण्याजाण्याची वाट यांची माहिती त्याच्याकडे एकत्र होते. इतर शिक्षकांच्या तक्रारी प्रथम त्याच्याकडे जाव्यात आणि मुलाविषयी पालकांशी बोलणी त्यानेच करावीत, असा संकेत पाळला गेल्यास पालकांस एकाच आठवड्यात तीन शिक्षकांकडून तीन प्रकारचे निरोप येत नाहीत. विषयशिक्षकाने आपल्या तासातील किरकोळ प्रकार तेथेच मिटवावेत. वारंवार घडणारा प्रकार मात्र स्वतःपाशी न ठेवता वर्गशिक्षकाला कळवावा. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाकडे संपूर्ण शाळेची शिस्त सोपविण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती. तीमुळे मैदान ही शिक्षेची जागा बनते व खेळाविषयी अप्रीती निर्माण होते. मैदानावरील सांघिक नियमांचे शिक्षण हे त्याचे खरे क्षेत्र होय.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा वाटा सहसा दुर्लक्षित राहतो. फाटकाशी उभा असणारा शिपाई, ग्रंथपाल, प्रयोगशाळेतील परिचर, कार्यालयातील लिपिक, पोषण आहार शिजविणाऱ्या व वाढणाऱ्या महिला यांना मुले शिक्षकांच्या नजरेआड दिसतात. एखादे मूल रोज एकटे जेवते, एखाद्याचा डबा मोठी मुले काढून घेतात, एखादी मुलगी स्वच्छतागृहाकडे जाण्याचे टाळते, या गोष्टी प्रथम त्यांच्या लक्षात येतात. आपण पाहिलेले कोणास सांगावयाचे व सांगितल्यावर काय होईल, हे त्यांना ठाऊक नसेल, तर ही माहिती वाया जाते. म्हणून वर्षारंभीच्या सभेत त्यांना बोलाविणे व मुलांशी बोलण्याच्या रीतीविषयी शिक्षकांप्रमाणेच त्यांनाही मार्गदर्शन करणे इष्ट असते. त्यांना शिक्षा करण्याचा अधिकार मात्र देऊ नये.

वर्गनायकांस फळा पुसून घेणे, साहित्य वाटणे, रांग लावणे, खेळाचे गट करणे अशी कामे द्यावीत. शिक्षकाच्या अनुपस्थितीत गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याची रूढ प्रथा योग्य नाही. तीमुळे मोठ्यांनी करावयाची देखरेख मुलावर पडते. त्याला मित्र व अधिकार यांपैकी एकाची निवड करावी लागते आणि नावे लिहिताना वैयक्तिक राग-लोभ शिरतो.

वाटणी फसण्याची रीत : समजा, ग्रामीण भागातील एका माध्यमिक शाळेत सातवीतला एक मुलगा आठवड्यातून तीन दिवस पहिल्या तासाला उशिरा येतो. पहिल्या तासाचे शिक्षक त्याला दाराबाहेर उभे करतात. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक मैदानाला दोन फेऱ्या मारावयास लावतात. पर्यवेक्षक पालकांना आणण्याची चिठ्ठी देतात. या तिघांपैकी प्रत्येकाने आपले कर्तव्य केले असे त्याला वाटते. मुलाला मात्र एकाच चुकीबद्दल तीन शिक्षा झालेल्या असतात. एस.टी.ची गाडी त्या दिवशी किती वाजता येते, पावसात साकव बंद झाल्यामुळे त्याला लांबच्या वाटेने यावे लागते काय, की शेजारच्या दुकानात तो वेळ काढतो, हे कोणीच विचारलेले नसते. उलट चौथ्या एखाद्या शिक्षकाच्या तासाला त्याला काहीच न बोलता आत घेतले जाते. अशा मुलाला शाळेचा नियम कळत नाही, कोणत्या शिक्षकाशी कसे वागावे एवढेच कळते. चौकशीअंती उशीर गाडीमुळे होतो असे ठरल्यास शाळेने गाडीच्या वेळेबाबत एस.टी. आगारास पत्र लिहिणे व तोवर त्या मुलास सवलत देणे योग्य ठरते. तो दुकानात थांबतो असे दिसल्यास वर्गशिक्षकाने पालकांशी बोलून उपाय ठरवावा व तो इतर शिक्षकांस सांगावा. दोन्ही प्रसंगी उपाय एकच राहील आणि तो सर्वांना माहीत असेल, ही काळजी घेतली जाते.

यासाठी साध्या नोंदवहीचा फार उपयोग होतो. तीत दिनांक, प्रसंग, मुलाचे म्हणणे, केलेली कार्यवाही व पुढे पाहणी करणाऱ्याचे नाव एवढाच मजकूर असावा. ‘उद्धट’, ‘वाया गेलेला’ अशी विशेषणे लिहू नयेत. कारण वर्ष बदलले तरी ती मुलाच्या नावामागे राहतात. नोंदवही शिक्षकांपुरती मर्यादित असावी व वर्गात वाचली जाऊ नये. पंधरवड्यातून एकदा एकाच वर्गास शिकविणाऱ्या शिक्षकांनी अर्धा तास एकत्र बसून नोंदी पाहिल्यास एकाच मुलाविषयी वेगवेगळ्या तासांत दिसलेल्या गोष्टी जुळविता येतात. गणिताच्या तासाला चिडचिड करणारा मुलगा चित्रकलेच्या तासाला शांत बसत असेल, तर प्रश्न स्वभावाचा नसून बहुधा गणिताचा किंवा फळा नीट न दिसण्याचा असतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील परिस्थिती : रत्नागिरी जिल्ह्याची मंडणगड ते राजापूर अशी नऊ तालुक्यांची सलग किनारपट्टी व डोंगराळ भाग, दूरदूर विखुरलेल्या वाड्यांची गावे आणि जून ते सप्टेंबरमधील मुसळधार पाऊस यांमुळे येथील शाळांना काही वेगळ्या अडचणी येतात. वाडीगणिक उघडलेल्या जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांचा पट लहान आहे. शिक्षणहक्क-अधिनियमाच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठपर्यंत विद्यार्थी असल्यास दोन शिक्षक असावे लागतात. अशा दोनशिक्षकी शाळेत वर्गशिक्षक, पर्यवेक्षक, मुख्याध्यापक या पायऱ्या उरत नाहीत. एक शिक्षक बैठकीस किंवा प्रशिक्षणास गेला की दुसऱ्याकडे सर्व इयत्ता येतात. येथे सामूहिक जबाबदारीचा समूह शाळेबाहेर शोधावा लागतो. शाळा व्यवस्थापन समिती, अंगणवाडी सेविका, पोषण आहार शिजविणाऱ्या महिला, केंद्रप्रमुख व केंद्रातील शेजारच्या शाळांचे शिक्षक मिळून तो तयार होतो. दोघांपैकी एका शिक्षकाविरुद्धच तक्रार असेल, तर मुलाने ती कोणाकडे करावी, हा प्रश्न अशा शाळेत अधिक बिकट असतो. त्यासाठी समितीतील एखाद्या महिला सदस्याचे नाव आणि १०९८ हा बालसाहाय्य दूरध्वनी क्रमांक मुलांना दिसेल अशा जागी लावणे आवश्यक ठरते.

जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबांतील कर्ते पुरुष, प्रसंगी आईवडील दोघेही, नोकरीनिमित्त मुंबईस असतात व मुले आजीआजोबांकडे वाढतात. पालकांना घेऊन येण्याची आज्ञा या घरांत निरर्थक होते. आजोबांना शाळेपर्यंत चालत येणे कठीण असते आणि वडिलांना फक्त गणपती वा शिमग्यालाच भेटता येते. शिक्षकाने वाडीवर जाऊन भेटणे किंवा ठरलेल्या वेळी वडिलांशी दूरध्वनीवर बोलणे अशा ठिकाणी अधिक उपयोगी पडते. या बोलण्यात केवळ तक्रारीच सांगितल्या गेल्या, तर दूर असलेल्या वडिलांचा राग सुट्टीत मुलावर निघतो. म्हणून मुलाची प्रगतीही सांगितली जाणे आवश्यक असते. किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्या, उर्दू माध्यमातून येणारी मुले, आंबाबागांत राखणीसाठी आलेल्या नेपाळी कुटुंबांतील मुले यांच्या बाबतीत भाषेतील फरकही विचारात घ्यावा लागतो. प्रमाण मराठीतील आदरार्थी रूपे न येणाऱ्या मुलाचे बोलणे उद्धटपणाचे वाटू शकते. ते तसे नाही, हे एका शिक्षकाला उमगले तर त्याने ते सहकाऱ्यांना सांगणे हादेखील शिस्तीच्या कामाचाच भाग होय.

मर्यादा : जबाबदारी वाटून घेण्यास दोन मर्यादा आहेत. पहिली अशी, की वाटणीमुळे कोणाचीही वैयक्तिक जबाबदारी संपत नाही. मुलाच्या सुरक्षिततेस धोका, मारहाण, लैंगिक छळ किंवा आत्महत्येचा विचार यांची चाहूल ज्याला लागेल त्याने स्वतः पुढील पाऊल उचलले पाहिजे. ‘वरिष्ठांना सांगितले होते’ एवढे उत्तर लैंगिक अपराधाच्या बाबतीत कायद्यासही पुरेसे नाही. संस्थेच्या नावास बाध येईल म्हणून असे प्रकरण आतल्या आत मिटविण्याचा निर्णय सर्वानुमते झाला, तरी तो बेकायदेशीरच राहतो.

दुसरी मर्यादा अशी, की शिक्षकांनी एकमेकांस साहाय्य करणे म्हणजे एकमेकांच्या चुकांवर पांघरूण घालणे नव्हे. सहकाऱ्याने मुलांसमोर दिलेला निर्णय मुलांसमोर मोडू नये, हा संकेत योग्य आहे. पण तो निर्णय अन्यायाचा असल्यास शिक्षकसभेत तसे म्हणता आले पाहिजे आणि नंतर तो बदलताही आला पाहिजे. ज्या शिक्षकाकडून चूक झाली त्यानेच ती विद्यार्थ्यांपुढे दुरुस्त केल्यास त्याचा अधिकार कमी होत नाही. नियम मोठ्यांनाही लागू असतात, हे मुलांना त्यातून प्रत्यक्ष दिसते. शिक्षक वेळेवर तासाला येतात काय, शिपायाशी ते कसे बोलतात, दोन शिक्षकांतील मतभेद कसे मिटतात याचे निरीक्षण विद्यार्थी सतत करीत असतात. शिस्तीचे नियम वर्षारंभी फलकावर लिहिले जातात. ते खरे आहेत की नाहीत याचा निर्णय मुले या निरीक्षणावरून करतात.